बिनशेपटीचं विमान आणि वऱ्हाडचं आभाळ

पक्ष्याला शेपूट, पतंगाला शेपूट, विमानालाही शेपूट. ते काढून टाकलं तर? जगभरच्या हौशी विमानकर्त्यांनी हा प्रश्न मनावर घेतला आणि घरच्या घरी सोडवूनही दाखवला. इकडे वऱ्हाडातही विमानं आली: १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. शेजारी एअर इंडियाच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेसाठी ३१ एक-इंजिनी आणि ३ दोन-इंजिनी विमानं मागवली गेली. ती सगळी शेपटीची. मग बिनशेपटीच्यांची गंमत आपणच पाहू.

शेपूट नेमकं करतं काय?
विमानाचा पंख साधारणपणे वरून फुगीर असतो. तसा पंख एकटाच हवेत सोडला, तर तो नाक खाली घालून कोलांटी मारतो. मागचं आडवं शेपूट ते नाक सावरून धरतं. तराजूची दांडी लांब असली की टोकाला ठेवलेलं छोटं वजनही पुरतं. शेपटाचं तसंच आहे. शेपूट काढलं की ही लांब दांडी जाते, आणि सगळं काम पंखावर येऊन पडतं.

दोन युक्त्या
पहिली युक्ती म्हणजे पंखाची मागची कड किंचित वर वळवायची. दुसरी म्हणजे दोन्ही पंख मागे झुकवायचे आणि टोकाकडे त्यांना हलकासा पीळ द्यायचा. मागे गेलेली टोकं मग शेपटाचं काम करतात. दोन्ही युक्त्यांत उचल थोडी कमी होते, ती किंमत मोजावीच लागते.

एकाच फळीची दोन कामं
पंखाच्या मागच्या कडेला असलेल्या हलत्या फळ्यांना एलेव्हॉन म्हणतात. दोन्ही वर केल्या की नाक वर. एक वर, एक खाली केली की विमान कलतं.

वैमानिकाची जागा ठरलेली
बिनशेपटीच्या विमानात वजनाचा मध्य थोडाही मागे सरकून चालत नाही. म्हणून खुर्ची आणि इंधनाची टाकी शक्यतो त्या मध्याजवळच बसवतात. मग वैमानिक किडकिडीत असो की दणकट, तोल फारसा ढळत नाही.

हात सोडून लिहिलेली चिठ्ठी
ब्रिटिश अभियंता जे. डब्ल्यू. डन यांनी डिसेंबर १९१० मध्ये आपलं बिनशेपटीचं डी-५ उडवलं. हवेत असताना त्यांनी विमान चालवायचे दांडे सोडले आणि चक्क एक चिठ्ठी लिहिली. खाली बघायला कोण होतं? राइट बंधूंपैकी खुद्द ऑर्व्हिल राइट.

घरातून आभाळात
जर्मनीतल्या हॉर्टेन बंधूंचं पहिलं बिनशेपटीचं ग्लायडर १९३३ मध्ये उडालं. ते तयार झालं बॉनमधल्या त्यांच्या आईवडिलांच्या घरात! आपल्याकडे अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमधल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, २०१९ मध्ये उडवण्याची परवानगी मिळाली. त्याला शेपूट आहे, पण घरी विमान होऊ शकतं हे त्यांनी महाराष्ट्राला दाखवून दिलं.

उन्हावर चाललेलं विमान
२९ एप्रिल १९७९ रोजी कॅलिफोर्नियात लॅरी मॉरो यांचं ‘सोलर रायझर’ उडालं. बिनशेपटीचं, दोन थरांच्या पंखांचं, वरच्या पंखावर सौर पट्ट्या. त्या पट्ट्यांनी बॅटरी भरली आणि विमानाने सुमारे ८०० मीटर अंतर कापलं. माणसाला घेऊन सौरऊर्जेवर झालेल्या पहिल्या उड्डाणांत त्याचं नाव आहे.

हंसांचा म्होरक्या
त्याच घराण्यातलं ‘ईझी रायझर’ कॅनडाच्या बिल लिशमन यांनी वापरलं. १९८८ मध्ये त्यांच्यामागोमाग हंसांचा थवा उडाला!

११५ किलोंची मर्यादा
अमेरिकेतला १९८२ चा नियम सांगतो: एकच आसन, रिकामं वजन ११५ किलोंच्या आत, इंधन सुमारे १९ लिटर. अशा अटी पाळल्या तर वैमानिकाचा परवाना लागत नाही. शेपूट आणि त्याला धरणारा दांडा गेला की वजन वाचतं, म्हणून हलकी विमानं बांधणाऱ्यांना ही रचना भावली. भारतात मात्र हलक्या विमानालाही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी लागते.

अकोल्याचा मे महिना
अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर आहे. पारा ४५ अंशांवर गेला की तिथली हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण १,४०० मीटरहून उंच आहोत असं वाटतं, म्हणजे चिखलदऱ्याच्याही वर! उडण्यासाठी वेग सुमारे ७ टक्के जास्त लागतो आणि इंजिनचा जोरही घटतो. म्हणून वऱ्हाडात हलकं विमान उडवायचं तर पहाटे. दुपार घारींची, तापलेल्या हवेच्या झोतावर त्या पंख न हलवता तासन् तास घिरट्या घालतात.

पंखावर कापूस
पहिल्या महायुद्धात विमानाच्या पंखांवर लिननचं कापड असे. त्याचा तुटवडा पडला तेव्हा अमेरिकेने सुती कापड वापरलं. त्यावर रोगण लावून ते ताणून घट्ट करत. आता पॉलिस्टर आलं, पण कापूसपट्ट्यातल्या माणसांनी हे लक्षात ठेवावं: विमानाचे पंख अनेक वर्षं सुतावर उडाले आहेत.

नाशिकचा बिनशेपटा
१७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकला बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए लढाऊ विमान उडालं. त्याला उभं शेपूट आहे, आडवं नाही. ते मुद्दाम अस्थिर बनवलंय आणि संगणक क्षणोक्षणी त्याचा तोल सांभाळतो. चित्रदुर्गला १ जुलै २०२२ रोजी संरक्षण संशोधन संस्था डीआरडीओचं वैमानिकाविना उडणारं ‘पंखच पंख’ रचनेचं विमानही उडालं.

घरी विमान बांधणाऱ्याकडे तेजसचा संगणक नसतो. त्याला तोल पंखाच्या आकारातूनच मिळवावा लागतो. म्हणून राजेहो, शेपूट काढलं की विमान सोपं होतं, हा समज आधी सोडा. ते हलकं होतं, पण रचनेची कसोटी वाढते. आज एक कागदी विमान करा, मागची कड आधी सरळ ठेवून उडवा, मग जराशी वर वळवून. फरक डोळ्यांनी दिसेल. मग लाकडी प्रतिकृती करा, हिशेब शिका, परवानगी घ्या. अमरावतीच्या बेलोऱ्याची आणि अकोल्याच्या शिवणीची धावपट्टी इथेच आहेत. वऱ्हाडातल्या मुलांनी आता विमान फक्त बघायचं नाही, बांधायचंही.