चार पौंडांचे तिकीट गेले कुठे?

शनिवारी-रविवारी सायंकाळी मुंबई-पुण्यातील अनेक घरांत इंग्लिश प्रीमियर लीगचे सामने लागतात. पडद्यावर खचाखच भरलेली मैदाने आणि एका सुरात गाणारे हजारो प्रेक्षक दिसतात. इंग्लंडमध्ये मैदानावर जाऊन फुटबॉल पाहणे ही अजूनही सर्वसामान्यांची करमणूक आहे, असा समज त्यावरून होणे साहजिक आहे. प्रत्यक्षात ज्या कामगार वस्त्यांनी हे क्लब वाढवले, तेथील अनेक कुटुंबांना मैदानावर जाणे आता परवडेनासे झाले आहे. मैदाने रिकामी पडलेली नाहीत. मात्र त्यांत बसणारा प्रेक्षक बदलत चालला आहे.

१९८९-९०च्या हंगामात लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर उभ्याने सामना पाहण्यासाठी सुमारे ४ पौंड पुरत. तेव्हापासूनची महागाई हिशेबात धरली तरी आज ही रक्कम १० पौंडांच्या आसपास जाते. याउलट लंडनच्या आर्सेनल क्लबचे सर्वांत स्वस्त हंगामी तिकीट २०१४-१५ मध्ये १,०१४ पौंडांचे होते. त्यात २६ सामन्यांचा समावेश होता. म्हणजे सर्वांत स्वस्त जागेवर बसणाऱ्यालाही एका सामन्यामागे सुमारे ३९ पौंड मोजावे लागत होते.

दुर्घटनेनंतरचा बदल

या दरवाढीची सुरुवात एका दुर्घटनेनंतर झाली. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातील सामन्यात उभ्या प्रेक्षकांची चेंगराचेंगरी झाली. तीत अखेर ९७ जणांचे प्राण गेले. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती टेलर यांनी जानेवारी १९९० मध्ये अंतिम अहवाल दिला आणि मोठ्या मैदानांवर सर्वांना बसण्याची सोय असावी, अशी शिफारस केली. तिकिटाचे दर सामान्य प्रेक्षकाच्या आवाक्यात ठेवता येतील, असेही त्यांचे मत होते. त्यासाठी त्यांनी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचा दाखला दिला. तेथे उभ्याने पाहण्यास ४ पौंड आणि बसून पाहण्यास ६ पौंड पडत.

पहिली शिफारस अमलात आली. दुसरी अपेक्षा मात्र मागे पडली. वरच्या दोन श्रेणींतील क्लबांनी १९९४ पर्यंत खुर्च्या बसवाव्यात, असे ठरले. खुर्च्यांमुळे प्रेक्षकसंख्या घटली, बांधकामाचा खर्च वाढला आणि तो तिकिटांतून वसूल होऊ लागला. दरम्यान १९९२ मध्ये प्रीमियर लीगची स्थापना झाली आणि उपग्रह वाहिन्यांचा पैसा या खेळात आला.

गरज कोणाची?

क्लबला दर वाढवणे सोपे जाते, कारण चाहता हा सामान्य ग्राहकासारखा नसतो. साबण महागला तर ग्राहक दुसरा साबण घेतो. तिकीट महागले म्हणून लिव्हरपूलचा चाहता एव्हर्टनचा होत नाही. शिवाय मैदानातील जागा मर्यादित असतात आणि मागणी जगभरातून असते. अनेक मोठ्या क्लबांत तर तिकिटासाठी अर्ज करता यावा म्हणून आधी सदस्यत्वाची वर्गणी भरावी लागते.

मात्र हा पैसा क्लबला अत्यावश्यक असतो का, हा वादाचा मुद्दा आहे. ५० हजार आसनांच्या मैदानावर प्रत्येक तिकीट १० पौंडांनी वाढवले, तर १९ घरच्या साखळी सामन्यांतून वर्षाला ९५ लाख पौंड अधिक मिळतात. याउलट २०२३-२४ मध्ये तळाला राहिलेल्या शेफिल्ड युनायटेडलाही लीगच्या सामायिक उत्पन्नातून १० कोटी पौंडांहून अधिक वाटा मिळाला. या उत्पन्नाचा मोठा भाग प्रक्षेपण हक्कांतून येतो.

प्रक्षेपणाची किंमत प्रेक्षकालाही चुकवावी लागते. वाहिन्यांच्या सोयीसाठी सामने रविवारी किंवा सोमवारी रात्री हलवले जातात. आगाऊ काढलेले स्वस्त रेल्वे तिकीट वाया जाते, परतीची शेवटची गाडी चुकते. त्यात खाणेपिणे आणि मुलांची तिकिटे मिळवली की एका कुटुंबाचा खर्च मोठा होतो.

सत्त्याहत्तरावे मिनिट

या असंतोषाला ६ फेब्रुवारी २०१६ रोजी वाचा फुटली. पुढील हंगामात सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे करण्याचा लिव्हरपूलचा बेत होता. त्या दिवशी सुंदरलँडविरुद्धच्या सामन्यात ७७व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक उठून बाहेर पडले. तेव्हा २-० अशी आघाडी असलेल्या लिव्हरपूलला अखेर २-२ अशा बरोबरीवर समाधान मानावे लागले. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. पुढच्याच महिन्यात लीगच्या क्लबांनी पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी ३० पौंडांची कमाल मर्यादा मान्य केली.

तथापि प्रश्न सुटला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्या हंगामातील उर्वरित घरच्या साखळी सामन्यांसाठी सदस्यांना विकायच्या तिकिटांचा किमान दर ६६ पौंड केला. त्यात मुलांना व ज्येष्ठ नागरिकांना सवलत नव्हती.

जर्मनीचा मार्ग

शेजारच्या जर्मनीत चित्र वेगळे आहे. तेथे बहुतेक क्लबांत बहुमताचा अधिकार सदस्यांकडे राखलेला असतो. त्यामुळे दर ठरवताना चाहत्यांकडे दुर्लक्ष करणे अवघड जाते. बोरुसिया डॉर्टमुंडच्या मैदानातील दक्षिण बाजूला सुमारे २५ हजार प्रेक्षक तुलनेने कमी दरात उभ्याने सामना पाहतात. अनेक शहरांत सामन्याच्या तिकिटावरच स्थानिक बस-रेल्वेचा प्रवास करता येतो. इंग्लंडनेही २०२२ पासून सुरक्षित कठडे असलेल्या जागांवर उभे राहण्यास पुन्हा परवानगी दिली आहे. मात्र त्यामुळे तिकिटे जुन्या दरांकडे वळलेली नाहीत.

मैदानातील प्रेक्षकाचे मोल २०२० मध्ये सर्वांना कळले. करोनाच्या साथीत सामने रिकाम्या मैदानांवर झाले, तेव्हा वाहिन्यांना प्रक्षेपणात ध्वनिमुद्रित गोंगाट मिसळावा लागला. मुंबईतील प्रेक्षक ज्या वातावरणासाठी पैसे मोजून वाहिनी घेतो, ते वातावरण मैदानातील चाहताच निर्माण करतो. आई-वडिलांचे बोट धरून मैदानावर येणाऱ्या मुलांतून हा चाहता घडतो. त्या मुलाच्या तिकिटाचा दर ठरवताना क्लब आपला उद्याचा प्रेक्षकही ठरवत असतात.