हंगाम थांबत नाही
ओझरच्या द्राक्षपट्ट्यानं महामारी कशी पेलली

२०२० सालच्या मार्चचा चौथा आठवडा. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतल्या बागांत गोडी भरलेला माल काढणीला आला होता. सौदे झाले होते, काहींच्या हातात इसार पडला होता, खुड्याच्या टोळ्या बागेत उतरल्या होत्या. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला, २३ ला राज्यात संचारबंदी लागली आणि २४ च्या रात्री आठ वाजता देशभरातल्या टाळेबंदीची घोषणा झाली. कारखान्याचं यंत्र बटण दाबून बंद करता येतं. पिकलेल्या घडाला बटण नसतं. तो आठ-दहा दिवस तग धरतो, मग मणी मऊ पडतात, देठ सुकतो आणि वर्षभराची मेहनत मातीमोल होते.

ओझर हे मुंबई-आग्रा महामार्गावरचं, बाणगंगेकाठचं गाव. बाहेरच्यांना ते ‘ओझर मिग’ म्हणून माहीत आहे, कारण १९६४ पासून इथं हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे. नाशिकचा विमानतळही इथलाच. पण कारखान्याच्या भिंतीपलीकडे जानोरी, मोहाडी, पिंपळगाव बसवंतकडे नजर टाकली की या पट्ट्याचा खरा कारभार दिसतो: द्राक्षबागा, पॅकहाऊस, शीतगृहं, औषधांची दुकानं, क्रेटचे ढीग. ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्यापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळ्यांचं वर्ष जानेवारी ते एप्रिल या चार महिन्यांवर उभं असतं. अशा एकहंगामी भागावर महामारी ऐन हंगामात कोसळली, तेव्हा काय टिकलं, काय मोडलं आणि का, हे नीट मांडून ठेवायला हवं. पुढचं संकटही तारीख विचारून येणार नाही.

वेलीचं पंचांग

द्राक्षाच्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. पावसाळा सरता सरता होते ती गोडी छाटणी. तिच्यावर त्या वर्षीचा माल येतो. माल काढल्यावर, साधारण एप्रिलमध्ये होते ती खरड छाटणी. हिच्यानंतर ज्या नव्या काड्या फुटतात, त्यांच्या डोळ्यांत उन्हाळ्यातच पुढच्या वर्षीच्या घडाचं बीज तयार होतं. म्हणजे एप्रिलची छाटणी लांबली, तर फटका बसतो पुढच्या हंगामाला.

टाळेबंदीतला खरा पेच हाच होता. माल विकला जात नव्हता, पण तो वेलीवर ठेवूनही चालणार नव्हतं. बाग खाली केल्याशिवाय छाटणी करता येत नाही, आणि छाटणी टाळली तर २०२१ चं उत्पन्नही हातचं जाणार. म्हणून काही शेतकऱ्यांनी चांगले, टपोरे घड स्वतःच्या हातानं तोडून बांधावर टाकले. शहरातल्या माणसाला बातमीत ती निव्वळ नासाडी दिसली. शेतकरी मात्र डोळ्यांत पाणी आणून पुढचं वर्ष वाचवत होता. एकरी काही लाख रुपये खर्चून उभा केलेला माल फेकून पुन्हा छाटणीसाठी मजूर शोधायला निघणं, याला फार मोठी हिंमत लागते.

त्या वर्षीच्या हंगामाची सुरुवातही धड नव्हती. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवकाळी पावसानं फुलोऱ्यातल्या बागा झोडपल्या होत्या. डावणी रोगानं घड जिरले, कुज झाली. त्यातून जे वाचलं, ते उशिरा तयार झालं आणि नेमकं टाळेबंदीच्या तोंडात सापडलं.

देशी बाजार कोसळला, समुद्र उघडा राहिला

द्राक्षाच्या दोन वाटा असतात. एक निर्यातीची, दुसरी देशी बाजाराची. वरवर पाहता परदेशची वाट आधी बंद पडायला हवी होती. घडलं उलटं.

देशी माल उत्तर प्रदेश, बिहार, बंगालमधून येणाऱ्या व्यापाऱ्यांवर अवलंबून असतो. हंगामात ही मंडळी ओझर, पिंपळगाव परिसरात खोल्या घेऊन राहतात, बागा पाहतात, जागेवर सौदा करतात. माल ट्रकनं मोठ्या मंडयांत जातो आणि तिथून हातगाडीवाल्यामार्फत गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडतो. टाळेबंदीनं या साखळीची प्रत्येक कडी तुटली. व्यापारी गावी निघून गेले, ट्रकचालक मिळेनात, मिळाले तर वाटेतले ढाबे आणि पंक्चरची दुकानं बंद. रस्त्यावरचा हातगाडीवाला तर दिसेनासाच झाला. शेतमालाची वाहतूक कागदोपत्री अत्यावश्यक सेवेत होती. रस्त्यावर प्रत्येक नाक्यावर ते पटवून द्यावं लागत होतं. काही दिवसांत भाव इतके उतरले की अनेकांचा खुड्याचा खर्चही निघेना.

निर्यातीत मात्र जहाजं चालू होती, न्हावाशेवाचं बंदर चालू होतं आणि युरोपातली सुपरमार्केटं उघडी होती. अडचण होती ती पॅकहाऊसमध्ये. तिथलं काम एकदा जवळून पाहावं. पहाटेच्या गारव्यात घड खुडतात, तोही देठाला धरून, कारण मण्याला बोट लागलं तर त्यावरची पांढुरकी लव पुसली जाते आणि माल मार खातो. क्रेटमधून घड पॅकहाऊसमध्ये येतो. टेबलाशी बसलेल्या बाया बारीक टोकाच्या कात्रीनं लहान, डागी, फुटका मणी काढतात, अर्धा किलोच्या डबीत वजन करून भरतात. पेटीत गंधकाचा कागद ठेवतात, काही तासांत माल शून्य-दोन अंशांपर्यंत थंड करतात आणि मग साधारण १३ टनांचा कंटेनर बंदराकडे निघतो. युरोपला पोचेपर्यंत तीन-चार आठवडे जातात. हे सगळं खांद्याला खांदा लावून बसणाऱ्या माणसांचं काम. टेबलं लांब करायची, माणसं निम्म्यावर आणायची, मास्क लावून आठ तास कात्री चालवायची, गावात रुग्ण सापडला की पाळ्या बदलायच्या, अशी कसरत करत माल निघत राहिला. नाशिक जिल्ह्यातला पहिला रुग्ण मार्चअखेरीस निफाड तालुक्यातच सापडला होता. भीती किती जवळची होती, ते यावरून कळेल.

आकडे या कष्टांची साक्ष देतात. ‘अपेडा’ या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या नोंदींनुसार २०१८-१९ मध्ये भारतातून सुमारे २.४६ लाख टन द्राक्षं निर्यात झाली होती. २०१९-२० मध्ये ती १.९३ लाख टनांवर आली. यात अवकाळीचाही वाटा मोठा होता. आणि २०२०-२१ मध्ये, महामारी सुरू असतानाच, आकडा पुन्हा २.४६ लाख टनांवर गेला. त्या दुसऱ्या हंगामातही विघ्नं कमी नव्हती. २३ मार्च २०२१ रोजी ‘एव्हर गिव्हन’ हे अजस्र जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं आणि आठवडाभर युरोपची वाट बंद झाली, तीही द्राक्षाच्या हंगामातच.

हात कुठून येतात

या पट्ट्यातली विरळणी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), खुडा ही कामं पेठ, सुरगाणा आणि दिंडोरीच्या पश्चिम भागातून येणाऱ्या आदिवासी टोळ्या करतात. मुकादमाशी बोली होते, एकराचा दर ठरतो आणि कुटुंबंच्या कुटुंबं हंगामभर बागेच्या कडेला मुक्काम टाकतात. टाळेबंदी लागताच अनेक टोळ्यांनी घरची वाट धरली. गाड्या बंद होत्या, म्हणून कुणी पायी निघालं. त्याच दिवसांत मुंबईहून उत्तरेकडे चालत निघालेल्या मजुरांची रीघ महामार्गावरून ओझर, पिंपळगाव, चांदवड अशी जात होती. गावोगावच्या लोकांनी त्यांना जेवण, पाणी, चपला दिल्या, आणि बागायतदारांनी द्राक्षंही वाटली. १ मे रोजी नाशिक रोडहून भोपाळकडे श्रमिक विशेष गाडी सुटली. देशातल्या पहिल्या श्रमिक गाड्यांपैकी ती एक होती.

जिथं मालकानं टोळीची राहण्याची, शिध्याची, औषधपाण्याची सोय आधीपासून चांगली ठेवली होती, तिथं लोक थांबले. जिथं ताडपत्रीखाली भागवलं होतं, तिथं ते गेले आणि त्यांचं जाणं योग्यच होतं. साथीत माणूस आपल्या माणसांत जातो. हंगाम ज्यांच्या बोटांवर चालतो, त्यांच्याकडे करार नाही, विमा नाही, पक्कं छत नाही. महामारीनं दाखवलेली ही सगळ्यात मोठी उणीव आहे आणि तिच्यावर अजूनही पुरेसं काम झालेलं नाही.

आधी बांधलेलं कामाला आलं

मग तगलं कोण? ज्यांच्या मालाला एकाहून जास्त वाटा होत्या, ते.

पहिली वाट बेदाण्याची. द्राक्ष पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरलं की पंधरवड्यात बेदाणा तयार होतो. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो. बेदाणा शीतगृहात महिनोन् महिने टिकतो, म्हणून भाव सुधारेपर्यंत थांबता येतं. ही वाट सांगली-तासगावकडे जुनी आहे; २०२० मध्ये नाशिकच्या अनेक बागायतदारांनीही ती धरली. शेड आणि जाळ्या मात्र एका रात्रीत उभ्या राहत नाहीत. ज्यांच्या जवळपास त्या होत्या, त्यांचा माल वाचला.

दुसरी वाट थेट गिऱ्हाइकाची. ओझरपासून जवळच, मोहाडीला ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकरी उत्पादक कंपनी आहे. विलास शिंदे यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या या कंपनीकडे पॅकहाऊस, शीतगृह, गाड्या आणि माल कुठल्या शेतातून आला याची नोंद ठेवणारी यंत्रणा आधीपासून होती. टाळेबंदीत तिनं फळं आणि भाज्यांच्या टोपल्या भरून मुंबई, पुणे, नाशिकच्या घरांपर्यंत पोचवल्या. राज्यभर इतर अनेक शेतकरी गटांनीही सोसायट्यांच्या दारात माल नेला. पुढे २०२२ मध्ये युरोपीय गुंतवणूकदारांनी ‘सह्याद्री’त सुमारे ३१० कोटी रुपये गुंतवले.

एकत्र येण्याची ही रीत ओझरला नवी नाही. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाकडे असलेल्या या गावाला एकेकाळी हक्काचं पाणी पोचत नसे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बापू उपाध्ये, भरत कावळे आणि समाज परिवर्तन केंद्राच्या कार्यकर्त्यांनी इथं पाणीवापर संस्था उभ्या केल्या, पाणी मोजून घ्यायला आणि मोजून वाटायला सुरुवात केली. पुढे वाघाडच्या संपूर्ण लाभक्षेत्राचा कारभार शेतकऱ्यांच्या २४ संस्थांकडे आला आणि २००५ मध्ये राज्यानं सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपवण्याचा कायदाही केला. टाळेबंदीतही वेलीला पाणी हवंच होतं. ते कुणाला, किती, कधी, हे गावातच ठरत होतं.

ज्यांना कुठलाच गट नव्हता आणि एकाच व्यापाऱ्यावर भिस्त होती, ते सर्वाधिक सोलवटले. माल नेऊन पैसे बुडवण्याचे प्रकार या भागात जुनेच आहेत. २०२० च्या उत्तरार्धात नाशिक परिक्षेत्राचे तत्कालीन विशेष पोलिस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी अशा व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीम उघडली आणि अनेक शेतकऱ्यांचे अडकलेले पैसे परत मिळाले. त्याच वर्षी ७ ऑगस्टला देवळालीहून दानापूरला देशातली पहिली किसान रेल्वे धावली. ती द्राक्षाच्या त्या हंगामाला उशिरा आली, तरी ट्रकला पर्याय असू शकतो हे तिनं दाखवलं.

वाइन, पाहुणे आणि दूरचा बर्फ

याच जिल्ह्यात द्राक्षाची आणखी एक अर्थव्यवस्था आहे. २००१ च्या राज्य धोरणानंतर विंचूरला वाइन पार्क आलं, राजीव सामंत यांच्या ‘सुला’नं गंगापूरच्या बाजूला पर्यटकांसाठी दारं उघडली, दिंडोरीत परदेशी कंपनी आली. १ आणि २ फेब्रुवारी २०२० ला सुलाफेस्ट पार पडला आणि त्यानंतर तो थेट २०२५ मध्ये भरला. टाळेबंदीत हॉटेलं, विमानतळ आणि चाखण्याच्या खोल्या एकदम बंद झाल्या. वाइन बॅरलमध्ये थांबू शकते, पण खोल्या झाडणारा, जेवण वाढणारा, गाडी चालवणारा माणूस थांबू शकत नाही. बंधनं सैल झाली तेव्हा पहिले पाहुणे आले ते मुंबई-पुण्याहून स्वतःच्या गाडीनं.

जगात दूरवर हेच घडत होतं. आल्प्समधली स्कीइंगची गावंही तीन-चार महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढतात. मार्च २०२० मध्ये ऑस्ट्रियातल्या इश्गलमधून विषाणू युरोपभर पसरला आणि उतार ओस पडले. पुढच्या हिवाळ्यात फ्रान्सनं लिफ्ट हंगामभर बंद ठेवल्या, स्वित्झर्लंडनं चालू ठेवल्या, ऑस्ट्रियानं नाताळच्या आदल्या दिवशी प्रामुख्यानं स्थानिकांसाठी सुरू केल्या. आपल्या गुलमर्गला मात्र त्याच हिवाळ्यात गर्दी लोटली, कारण परदेशी जाऊ न शकणारा भारतीय पर्यटक तिकडे वळला. बर्फ असो की द्राक्ष, दूरची वाट बंद झाली की जवळचं गिऱ्हाईक तारतं. त्याच्याशी ओळख मात्र आधीच जोडलेली असावी लागते.

पुढच्या वेळेसाठी

गोडी छाटण्या झाल्या की निफाड-दिंडोरीत बागा पोंग्यात किंवा फुलोऱ्यात असतात आणि सगळ्यांची नजर आभाळाकडे असते. महामारी मागे पडली, अवकाळी मात्र दर वर्षी येऊ लागला आहे. दोन्ही संकटांना लागणारी तयारी एकच. गावागणिक बेदाण्याची सामाईक शेड, गटाचं शीतगृह, व्यापाऱ्याशी लेखी सौदा, शहरातल्या गिऱ्हाइकांची स्वतःची यादी. यातलं काहीही संकटाच्या दिवशी उभं करता येत नाही. आणि या सगळ्याच्या आधी टोळीतल्या माणसांसाठी पक्क्या खोल्या, स्वच्छ पाणी, विमा आणि आजारपणातली मजुरी हवी. द्राक्ष बागायतदार संघ, सोसायट्या आणि उत्पादक कंपन्या यांनी एकराच्या दरात या खर्चाचा वाटा धरला, तर तो एका फवारणीपेक्षा फार जड जाणार नाही. पाणी मोजून वाटायला शिकलेल्या या गावाला जोखीमही वाटून घेता येईल, असा मला पक्का विश्वास आहे. त्यासाठी येत्या हंगामाच्या सौद्यापासूनच सुरुवात करावी.