चार बोटांचे अंतर

ताशी सुमारे १५० किलोमीटर वेगाने चेंडूवर आदळण्यासाठीच घडवलेला ड्रायव्हर मैदानावर वर्षानुवर्षे टिकतो आणि विमानाच्या पोटात पडल्या जागी मोडतो, ही विसंगती गोल्फच्या सामानाच्या प्रवासाचा विचार करताना आधी ध्यानात घ्यावी लागते. खेळाच्या नियमांनी एका खेळाडूला जास्तीत जास्त १४ क्लब, म्हणजे चेंडू टोलवण्याच्या काठ्या, बाळगण्याची मुभा दिली असून त्यांत लांबच्या टोल्याचा ड्रायव्हर सर्वांत लांब असतो. त्याचे पोकळ डोके ४६० घन सेंटिमीटरपर्यंत मोठे असू शकते, पण त्याचा कार्बन तंतूंचा दांडा डोक्यात शिरतो त्या मानेपाशी जेमतेम ८.५ मिलिमीटर जाडीचा उरतो. तंतू मुख्यतः दांड्याच्या लांबीच्या दिशेने बसवलेले असल्यामुळे वाकण्याचा ताण ते सहज पेलतात. आडवा दाब आणि धारदार कडेचा ओरखडा मात्र त्यांना सोसत नाही, आणि रंगाखाली केसाएवढी चीर पडलेला दांडा कधी कधी परक्या मैदानावरच्या पहिल्याच टोल्याला नुसताच हातात राहतो.

ही मान सांभाळण्याचे काम पुष्कळदा किटच्या मालकाऐवजी त्याच्या कॅडीकडे असते. खेळाडूचे सामान वाहणारा आणि अंतराचा, वाऱ्याचा अंदाज सांगणारा मदतनीस म्हणजे कॅडी; पण पुण्यात येरवड्याच्या मैदानावर साठी ओलांडलेल्या एका कॅडीला ऑकलंडला निघालेले किट बांधताना पाहिले, की ही व्याख्या अपुरी वाटू लागते. लोहगावच्या विमानांचा आवाज कानांवर पडत असताना, स्वतः कधीही विमानात न बसलेला हा माणूस ओट्यावर फडके अंथरतो, १४ काठ्या ओळीने मांडतो आणि दांडा व डोके जोडणारा ड्रायव्हरचा स्क्रू सोडवण्यापूर्वी चिकटपट्टीवर पेनाने खूण करतो, कारण डोक्याचा कोन बदलता येणाऱ्या या जोडणीत पुन्हा बसवताना एक खाच चुकली तरी चेंडूची दिशा बदलते. सुटे झालेले डोके लोकरी मोज्यात जाते, आयर्न, म्हणजे पोलादी डोक्यांचे क्लब, एकमेकांवर आपटू नयेत म्हणून त्यांच्या मधून टॉवेल फिरतो. एवढे झाल्यावर तो बॅगेच्या मधोमध टोकाला आडवा दांडा असलेली, कुबडीसारखी दिसणारी एक लांबीला कमी-जास्त होणारी काठी उभी करतो आणि उरलेल्या सर्वांत लांब क्लबच्या डोक्यावर आडवी बोटे धरून तिची उंची जमवतो. “चार बोटं वर पाहिजे, साहेब. चार म्हणजे चार.”

या चार बोटांमागचे यंत्रशास्त्र सरळ आहे. गोल्फची बॅग दणकट असते ती खाली. वर काठ्यांची डोकी उघडी राहतात आणि त्यांच्याभोवती असते ते केवळ प्रवासी खोळीचे कापड. बॅग तोंडावर आपटली, तर सगळा भार सर्वांत उंच वस्तूवर येतो, आणि ती वस्तू क्लब असेल तर त्याच्या मानेवर. कुबडी चार बोटे उंच असल्यास घाव ती झेलते व बॅगेच्या तळाकडे पोचवते. कडक कवचाच्या पेट्याही मिळतात, त्यांची जाहिरातही जोरात होते. परंतु अशी पेटी रिकामी असतानाच पाच-सहा किलो भरू शकते, देशांतर्गत प्रवासात स्वस्त तिकिटांवर बहुधा १५ किलोच सामान नेता येते, आणि पेटीच्या आत काठ्या सैल असतील तर बाहेर पोचा न पडताही आत मान तुटू शकते. जेमतेम ४६ ग्रॅमचा चेंडूसुद्धा अशा हिशेबात वजनदार ठरतो, कारण दोन डझन चेंडू एका किलोच्या वर जातात. कॅडीने ते बाहेर काढून ठेवले तेव्हा मालकाने काहीशा नाखुशीनेच मान डोलावली.

विमानतळावर या सगळ्या निगुतीवर एक चिठ्ठी लावली जाते. नाजूक सामान स्वीकारताना काही कंपन्या मर्यादित जबाबदारीच्या चिठ्ठीवर प्रवाशाची सही घेतात आणि सही झाली की मोडतोडीचा प्रश्न मिटला असे मानतात. प्रत्यक्षात १९९९च्या माँट्रियल कराराचे २६वे कलम, करारातील मर्यादेपेक्षा कमी भरपाई ठरवणारी अट रद्दबातल ठरवते. ती मर्यादा २०२४च्या अखेरीपासून दरडोई १,५१९ विशेष आहरण अधिकार, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक, इतकी आहे. सामानाच्या अंगच्या दोषामुळे झालेले नुकसान मात्र त्यातून वगळले आहे, आणि मोडतोडीची लेखी तक्रार सामान हाती आल्यापासून ७ दिवसांत करावी लागते. रंगाखालची चीर सातव्या दिवशी दिसेलच असे नाही. त्यामुळे पट्ट्यावरून उतरवलेली बॅग तिथेच उघडून प्रत्येक मानेवरून अंगठा फिरवणे हाच शहाणपणा, जरी थकलेले प्रवासी तो क्वचितच दाखवतात.

ऑकलंडच्या बाबतीत आणखी एक तपासणी असते आणि तिचा मोडतोडीशी संबंध नाही. न्यूझीलंडमध्ये मैदानी खेळाचे वापरलेले साहित्य उतरताना जाहीर करावे लागते, कारण बुटांच्या खिळ्यांत अडकलेल्या मातीतून किंवा गवताच्या बियांतून रोग आणि तण देशात शिरण्याची भीती तिथल्या शेतीला वाटते. म्हणून कॅडीने लोखंडी डोक्यांवरच्या खाचा दात घासण्याच्या जुन्या ब्रशने कोरल्या, बुटांचे तळवे धुतले, आणि शेवटी बॅगेचा खालचा कप्पा उलटा केला. त्यातून तुटक्या टी, म्हणजे चेंडू टेकवण्याच्या लाकडी खुंट्या, पडल्या आणि त्यांच्यामागून सुकलेल्या गवताचा व ओल्या रबराचा आंबूस वास आला. कित्येक पावसाळ्यांचे मैदान त्या कप्प्यात साचले होते. त्याने ते नखाने खरवडले, नाक जवळ नेऊन हुंगले, आणि समाधान न होऊन पुन्हा खरवडले. बांधणीत बाकी कशालाही इतका वेळ लागला नाही.

चेन लावल्यावर त्याने बॅग कवेत घेऊन हलवली आणि कान दिला. आत कुठेतरी खट्‌ वाजले. चेन पुन्हा उघडली, कुबडी एका खाचेने वर सरकली, बोटे पुन्हा आडवी धरली गेली: चार. दुसऱ्यांदा हलवल्यावर आवाज आला नाही. मालकाने सकाळच्या खेळातला दमट टॉवेल वरून कोंबायला पुढे केला, तेव्हा कॅडीने तो न बोलता काढून घेतला आणि तारेच्या कुंपणावर वाळत घातला.