बांध कोण कोरतंय?

मोजणीच्या बाकावरून : भाग 7

गावाकडे बांध कोरणं म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. दरवर्षी नांगराचा एक तास शेजाऱ्याच्या बांधात घालायचा, आणि वर आपण त्या गावचेच नाही असं दाखवायचं. रेडिओच्या पट्ट्यातही हेच चालतं. आपल्याकडे 2010 च्या थ्रीजी लिलावात कंपन्यांना 2.1 गिगाहर्ट्झला 5 मेगाहर्ट्झचे तुकडे मिळाले. बांधापलीकडे थेट दुसरी कंपनी.

थ्रीजीच्या डब्ल्यूसीडीएमए सिग्नलची पॉवर मोजायची ती 3.84 मेगाहर्ट्झच्या पट्टीत. मग 5 मेगाहर्ट्झ सरकून तेवढ्याच रुंदीच्या शेजारच्या पट्टीत किती सांडलं ते मोजायचं, आणि 10 वर पुन्हा एकदा. बेस स्टेशनला मर्यादा अनुक्रमे 45 आणि 50 डेसिबेल. 45 म्हणजे 20 वॅटच्या कॅरिअरमागे शेजारात जेमतेम 0.63 मिलिवॅट. हे सांडणं मुख्यतः पॉवर ॲम्प्लिफायरचं. त्याला दमवलं की तिसऱ्या क्रमाची विकृती सिग्नलला तिप्पट रुंद करते, आणि ती रुंदी नेमकी शेजाऱ्याच्या अंगणात जाते.

आता मोजायचं यंत्र, म्हणजे स्पेक्ट्रम ॲनालायझर, लावू. आरबीडब्ल्यू, म्हणजे रिझोल्यूशन बँडविड्थ, 30 किलोहर्ट्झ ठेवा. सेटिंग चुकून 1 मेगाहर्ट्झवर राहिलं, तर दोन पट्ट्यांमधली फट आहेच 1.16 मेगाहर्ट्झची, मुख्य चॅनेलची पॉवर फिल्टरच्या उतारावरून घसरत शेजारात उतरते. डिटेक्टर आरएमएसच हवा. आकडा नाचत असेल तर व्हिडिओ बँडविड्थ आवळू नका, स्वीप टाइम वाढवा. ती आवळून डेसिबेलांची सरासरी काढली तर गोंगाटासारखा सिग्नल सुमारे अडीच डेसिबेल कमी दिसतो. गंमत अशी की दोन्ही पट्ट्यांत सारखीच चूक झाल्याने गुणोत्तर बऱ्यापैकी बरोबर येतं आणि कुणाला पत्ताच लागत नाही. कॅरिअरची पॉवर रिपोर्टात लिहायची वेळ येते, तेव्हा बिंग फुटतं.

खरी मेख मात्र यंत्राच्या तोंडाशी सिग्नल उतरवणाऱ्या ॲटेन्युएटरमध्ये आहे. ॲनालायझरच्या पोटातला मिक्सरही शेवटी एक दमणारा घटकच. त्याच्यावर जास्त पॉवर घातली की तो स्वतःच बांध कोरतो, आणि पडद्यावर आळ येतो आपल्या ॲम्प्लिफायरवर. पॉवर फार कमी केली तर ॲनालायझरचा स्वतःचा गोंगाट शेजारची पट्टी भरून टाकतो. मिक्सरवरची पातळी 1 डेसिबेलने उतरवली की विकृती सिग्नलच्या मानाने 2 डेसिबेल खाली जाते, पण गोंगाट 1 डेसिबेल वर येतो. मधे कुठेतरी एक बरी जागा असते.

ती शोधायला नॉब फिरवण्याशिवाय इलाज नाही. 0 डीबीएमचा तोच सिग्नल, तोच ॲम्प्लिफायर: ॲटेन्युएशन 10 ला 56 डेसिबेल, 15 ला 59, 20 ला 58.5, 30 ला 53. ॲम्प्लिफायरच्या केसालाही धक्का लागलेला नाही. आकडा ॲटेन्युएटरबरोबर हलला की समजायचं, यंत्राचा हात यात आहे. सर्वांत चांगल्या 59 मध्येही थोडी त्याची भेसळ आहेच. ॲम्प्लिफायरचा खरा आकडा 60 च्या आसपास. गोंगाटाची भेसळ काढता येते: इनपुट बंद करून रिकाम्या यंत्राचा गोंगाट मोजायचा आणि वजा करायचा. वजाबाकी वॅटमध्ये, डेसिबेलांत नव्हे. बहुतेक यंत्रांत हे एका बटणावर होतं. विकृतीला मात्र अशी वजाबाकी चालत नाही, कारण ॲम्प्लिफायरची आणि मिक्सरची विकृती फेज धरून एकत्र येते: कधी वाढते, कधी एकमेकींना खाते. दुसऱ्या प्रकारात आकडा खऱ्यापेक्षा छान दिसतो, म्हणून तो जास्त घातक.

एकदा मी सलग दोन दिवस एका ॲम्प्लिफायरचा बायस पिळत बसलो होतो. आमचं लक्ष्य 55 होतं, आकडा 53 वरून हलेना. ट्रान्झिस्टर बदलला, हीटसिंकची पेस्ट पुसून नव्याने लावली. तिसऱ्या दिवशी चहा घेऊन आलेला सहकारी पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बोट ठेवून म्हणाला, "अहो, हे ॲटेन्युएशन 30 कशाला ठेवलंय?" आदल्या आठवड्यात मोठ्या पॉवरची चाचणी झाली होती, सेटिंग तेव्हापासून तसंच होतं. जुना ट्रान्झिस्टर मी कचऱ्यातून काढून परत लावला. चांगलाच होता तो.

पुढच्या आठवड्यात: फेज नॉइज, आणि 12.5 किलोहर्ट्झच्या वॉकीटॉकीला तो जास्त का छळतो.