ठरवून केलेली कुस्ती कशी पाहावी?

मागच्या व्याख्यानात आपण अभिरुचीच्या निकषाबद्दल बोलत होतो आणि ह्यूमच्या १७५७ सालच्या निबंधापाशी थांबलो होतो. त्यावर एका श्रोत्याने लिहून पाठवलं, "सर, तुमची उदाहरणं नेहमी चित्रांची नाहीतर रागदारीची का? डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीला तुमचा निकष लावून दाखवा की!" बहुधा त्यांनी चेष्टेने लिहिलं असावं. मी मात्र गेले पंधरा दिवस याच कामात आहे. घरच्यांना काळजी वाटायला लागली आहे. (हशा)

आधी एक कबुली देतो. नव्वदच्या दशकात केबल आली, तेव्हा आमचे चिरंजीव शाळेत होते. दप्तरात डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पत्त्यांचा कॅट, अंडरटेकरला सात जन्म आहेत यावर गाढ श्रद्धा. मी त्याला एकदा सुनावलं, "अरे, ही नुरा कुस्ती आहे. कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं." तो म्हणाला, "बाबा, नाटकात कोण मरणार ते ठरलेलं नसतं का? मग तुम्ही का रडता?" मी त्याला अभ्यासाला बसवलं. म्हणजे उत्तर दिलं नाही. आज द्यायचा प्रयत्न करतो.

'नुरा कुस्ती' हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरतात, आणि ते बरोबरच आहे. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात दोन पैलवानांनी आतून संगनमत केलं तर ती फसवणूक आहे, कारण तिथे बसलेला माणूस निकाली कुस्ती पाहायला आलेला असतो. पण संगनमताची गोष्ट सगळ्यांना माहीत असेल तर? १९८९ साली डब्ल्यूडब्ल्यूएफने न्यू जर्सी राज्यात स्वतःच कबूल केलं की आमचा खेळ ही करमणूक आहे, खरी स्पर्धा नव्हे. कारण तत्त्वज्ञानाचं नव्हतं हो, पैशाचं होतं. क्रीडा आयोगाचे नियम आणि त्यामागून येणारे कर चुकवायचे होते. त्यानंतरही प्रेक्षक हटला नाही. म्हणजे तो फसलेला नव्हता. तो दुसरंच काहीतरी पाहत होता.

काय पाहत होता? रोलाँ बार्थने १९५७ च्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकात पहिलाच निबंध फ्रान्समधल्या अशा कुस्तीवर लिहिला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की मुष्टियुद्धात पुढे काय होणार याला महत्त्व असतं, तर या कुस्तीत प्रत्येक क्षण जागच्या जागी पूर्ण कळावा लागतो. वेदना, पराभव, न्याय या गोष्टी शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसतील इतक्या मोठ्या करून दाखवायच्या असतात. हे मान्य केलं तरी आपला प्रश्न सुटत नाही. पाहायचं काय ते कळलं, पण चांगलं कोणतं आणि वाईट कोणतं?

त्यासाठी एक कार्यक्रम घेऊ. २९ मार्च १९८७, मिशिगन राज्यातलं पाँटिअॅक सिल्व्हरडोम, तिसरी रेसलमेनिया. कंपनीने प्रेक्षकांचा आकडा ९३,१७३ सांगितला. या क्षेत्रातले पत्रकार तो फुगवलेला मानतात. या धंद्यात आकडेसुद्धा थोडा अभिनय करतात. तरी स्टेडियम गच्च भरलं होतं, यात वाद नाही.

त्या रात्रीच्या दोन लढती आपल्या कामाच्या आहेत. पहिली रँडी सॅव्हेज विरुद्ध रिकी स्टीमबोट. काही महिन्यांपूर्वी सॅव्हेजने रिंगणाची घंटा मारून स्टीमबोटचा गळा जायबंदी केला, अशी कथा टीव्हीवर रचलेली होती. सॅव्हेज हा तयारीचा वेडा माणूस. त्याने लढतीतली प्रत्येक हालचाल आधी लिहून काढली आणि दोघांनी ती पाठ केली. साधारण पंधरा मिनिटांची लढत आहे. पंच दोनपर्यंत मोजतो, खांदा उचलला जातो, पुन्हा दोन, पुन्हा खांदा. शेवटी सॅव्हेज तीच घंटा पुन्हा हातात घेतो, आणि तिच्याच नादात फसून चितपट होतो. ज्या वस्तूने अन्याय झाला तीच वस्तू अन्याय करणाऱ्यावर उलटते. ॲरिस्टॉटलला कथानकात असलं वळण फार आवडलं असतं.

दुसरी लढत हल्क होगन विरुद्ध आंद्रे द जायंट. लोक आले होते ते हिच्यासाठी. आंद्रेचं जाहीर केलेलं वजन ५२० पौंड, म्हणजे दोनशे छत्तीस किलोच्या आसपास. सुरुवातीलाच होगन त्याला उचलायला जातो आणि त्याच्याच भाराखाली कोसळतो. मग बराच वेळ आंद्रे त्याला नुसता कवेत आवळून उभा. हालचाल जवळजवळ नाही. बारा मिनिटांच्या लढतीत शेवटी होगन त्याला उचलतो, आपटतो, मांडीचा वार करतो आणि तीन मोजले जातात. छप्पर उडेल असा आवाज होतो.

आता निर्णय ऐका. डेव्ह मेल्टझर नावाचे अमेरिकन कुस्ती-समीक्षक आहेत. चाळीसेक वर्षं ते लढतींना तारे देतात आणि जगभरचे शौकीन ते प्रमाण मानतात. मूळ माप पाच ताऱ्यांचं. २०१७ साली टोकियो डोममधल्या केनी ओमेगा आणि काझुचिका ओकादा यांच्या लढतीला त्यांनी सहा दिले आणि पुढच्या वर्षी त्याच जोडीला सात. शंभरपैकी एकशे चाळीस! आम्ही पेपर तपासायचो तेव्हा असं केलं असतं तर विद्यापीठाने घरी पाठवलं असतं. (हशा) तर या मेल्टझरनी सॅव्हेज-स्टीमबोटला साडेचार तारे दिले, आणि होगन-आंद्रेला उणे चार. शून्य नव्हे, उणे चार.

हजारो लोक ज्यासाठी आले, जे आयुष्यभर लक्षात ठेवलं, ते उणे चार. कोण चुकलं? लोकांना कळत नाही असं म्हणणं सोपं आहे. समीक्षकाला हृदय नाही असं म्हणणंही तितकंच सोपं. मला वाटतं इथे केंडल वॉल्टनची मदत घ्यावी. १९७० सालच्या 'कॅटेगरीज ऑफ आर्ट' या लेखात त्याने दाखवलं की कलाकृतीत काय दिसतं हे आपण तिला कोणत्या प्रकारात बसवून पाहतो यावर ठरतं. तो एका कल्पित समाजाचं उदाहरण देतो. तिथे 'गेर्निका' नावाचा कलाप्रकार आहे, पिकासोच्या चित्राच्याच रेषा आणि रंग, पण पृष्ठभाग उंचसखल. त्या समाजाला पिकासोचं सपाट चित्र थंड, निर्जीव वाटेल. चित्र तेच, पाहण्याचा खण वेगळा.

मेल्टझरचा खण हुन्नराचा आहे. अंगातली सफाई, वेग, डावांची गुंफण. त्या खणात सॅव्हेज-स्टीमबोट सरस आणि होगन-आंद्रे टाकाऊ, हा निर्णय बरोबरच आहे. प्रेक्षकांचा खण विधीचा होता. दसऱ्याला रावण जळताना कोणी म्हणतं का, की यंदा डावा हात जरा उशिरा पेटला, अडीच तारे? रावण मोठा असायला हवा आणि तो पडायला हवा. आंद्रे पंधरा वर्षं हरला नाही, त्याला कोणी उचललं नाही, ही जाहिरातही खोटी होती. खुद्द होगननेच त्याला १९८० साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये उचलून आपटलं होतं. पण विधीला पुराण लागतं, इतिहास नव्हे.

म्हणजे ज्याचा त्याचा खण, ज्याचं त्याचं खरं? नाही. असं म्हणून तुम्हाला घरी पाठवलं तर माझी पेन्शन परत घ्यायला हवी. वॉल्टनही तसं म्हणत नाही; त्याच्या मते काही खण योग्य आणि काही अयोग्य असतात, आणि करणाऱ्यांचा हेतू काय होता, ती कृती कोणत्या परंपरेत घडली, यावर ते ठरतं. होगन-आंद्रे ही लढत विधी म्हणूनच रचली होती. तेव्हा तिथे उणे चार हा लढतीचा निर्णय होत नाही, एका घटकाचा होतो. उलट सॅव्हेज-स्टीमबोट मला दोन्ही खणांत उभी राहणारी वाटते, म्हणून त्या रात्रीची श्रेष्ठ लढत तीच. इथे माझं मत मेल्टझरशी जुळतं, कारण मात्र वेगळं.

आता एक गोष्ट, जी मला पूर्वी दिसलीच नव्हती. आंद्रे त्या रात्री हलत का नव्हता? त्याच्या शरीरात वाढीचं संप्रेरक अतिरिक्त होतं. त्या आजारानेच तो राक्षस झाला आणि त्यानेच त्याला मोडलं. आदल्या वर्षी पाठीची शस्त्रक्रिया झालेली. वेदना प्रचंड. १९९३ साली तो गेला, वय ४६. मी मुलाला "सगळं खोटं असतं" म्हणालो होतो. निकाल खोटा होता. पाठ खरी होती. आणि होगनच्या अंगावर तो पडला ते दोनशेहून अधिक किलोही खरेच होते.

या धंद्यातली ही सगळ्यात अवघड जागा. नाटकात हॅम्लेट मरतो, नट घरी जाऊन जेवतो. इथे जो पडतो तो खरंच पडतो, फक्त कसं पडायचं ते शिकलेला असतो. मे १९९९ मध्ये कॅन्सस सिटीला ओवेन हार्ट छतावरून दोरीने रिंगणात उतरताना निसटला आणि गेला. चौतिसाव्या वर्षी. कार्यक्रम पुढे चालू ठेवला. टीव्हीवर पाहणाऱ्यांना निवेदकाने मृत्यूची बातमी सांगितली, स्टेडियममध्ये बसलेल्यांना कोणी सांगितलं नाही. त्यांच्यातल्या कित्येकांना सुरुवातीला तो कथेचाच भाग वाटला असेल तर त्यांना दोष कसा द्यायचा? वर्षानुवर्षं त्यांना शिकवलेलंच ते होतं. दोष ज्यांना ठाऊक होतं आणि तरी पुढची लढत लावली त्यांचा. त्या कार्यक्रमाला तारे देण्याचा प्रश्न माझ्यापुरता उद्भवत नाही.

मुलाला परवा फोन केला. तो आता चाळिशी ओलांडलेला. म्हटलं, तुझं तेव्हाचं बरोबर होतं, अर्धं. तो म्हणाला, "कोणतं अर्धं?" मग तासभर बोललो. सॅव्हेज-स्टीमबोट आम्ही दोघांनी आपापल्या घरी, फोन कानाला लावून पाहिली. तुम्हीही पाहा, एकदा आवाज बंद करून पाहा, म्हणजे अंगाचं काम दिसेल, आणि मग आवाज चालू करून. पुढच्या शनिवारी वॉल्टनच्या उरलेल्या युक्तिवादाकडे वळू. आता प्रश्न घेऊ या.