विश्लेषण : अमेरिकेची तुलना रोमशी का होते? ती कितपत खरी?

अमेरिकेत राजकीय संघर्ष पेटला, की ‘अमेरिका रोमच्या वाटेवर’ ही चर्चा हमखास सुरू होते. त्यात बहुतेकदा इ.स. ४७६ मधील पश्चिम रोमन साम्राज्याच्या पतनाचा दाखला दिला जातो. मात्र अमेरिकेसाठी अधिक महत्त्वाचा आहे तो त्याआधी पाच शतके झालेला दुसरा शेवट, रोमन प्रजासत्ताकाचा.

तुलनेची सुरुवात कुठून?

खुद्द अमेरिकेच्या संस्थापकांपासून. वरिष्ठ सभागृहाला त्यांनी ‘सिनेट’ हे रोमन नाव दिले. संसद भवनाचे ‘कॅपिटॉल’ हे नाव रोममधील कॅपिटोलाइन टेकडीवरून आले. राज्यघटनेच्या समर्थनार्थ हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे यांनी १७८७-८८ मध्ये लेख लिहिले ते ‘पब्लियस’ या रोमन टोपणनावाने. युद्ध जिंकून १७८३ मध्ये सेनापतिपद सोडणाऱ्या वॉशिंग्टन यांना सिनसिनाटसची उपमा मिळाली. संकट टळताच सत्ता सोडून शेतीकडे परतलेला नेता म्हणून रोमन परंपरेत तो ओळखला जातो.

रोमचे प्रजासत्ताक कसे संपले?

परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये राजाला हटवून रोमन प्रजासत्ताक सुरू झाले. ते एका दिवसात संपले नाही. इ.स.पू. १३३ मध्ये जमीन फेरवाटपाच्या वादातून टायबेरियस ग्रॅकस या लोकप्रतिनिधीची हत्या झाली. राजकीय वादात रक्त सांडायला तिथून सुरुवात झाली. इ.स.पू. ८८ मध्ये सुल्ला या सेनापतीने रोमवरच सैन्य नेले. इ.स.पू. ४९ मध्ये ज्युलियस सीझरने सैन्यासह रुबिकॉन नदी ओलांडली आणि यादवी पेटली. इ.स.पू. २७ मध्ये त्याचा दत्तकपुत्र ऑगस्टस सर्वेसर्वा झाला.

विशेष म्हणजे ऑगस्टसने सिनेट बरखास्त केले नाही. सभा भरत राहिल्या, पदाधिकारी नेमले जात राहिले. सैन्य आणि महत्त्वाचे अधिकार मात्र एकाच व्यक्तीच्या हाती गेले.

अमेरिकेत साम्य कुठे दिसते?

युद्धाच्या अधिकारात. अमेरिकी राज्यघटनेनुसार युद्ध जाहीर करण्याचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे संसदेचा आहे. तो अधिकार काँग्रेसने शेवटचा वापरला १९४२ मध्ये. त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम, अफगाणिस्तान, इराक अशी मोठी युद्धे झाली, पण औपचारिक घोषणा एकाही युद्धाची झाली नाही. काही वेळा काँग्रेसने लष्करी कारवाईला मंजुरी दिली. कोरियात तर तेवढीही घेतली गेली नाही. अध्यक्षांना आवर घालण्यासाठी १९७३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. तरीही पुढाकार अध्यक्षांकडेच राहिला आहे.

तुलना कुठे तोकडी पडते?

रोमकडे एकसंध लिखित राज्यघटना नव्हती. बरेच काही रूढीवर चालत असे. अमेरिकेत १९५१ च्या २२ व्या घटनादुरुस्तीने कोणालाही दोनपेक्षा अधिक वेळा अध्यक्षपदी निवडून येता येत नाही. प्रजासत्ताकाच्या अखेरच्या काळात रोमन सैनिक लूट आणि निवृत्तीनंतरच्या जमिनीसाठी सेनापतीच्या तोंडाकडे पाहत. अमेरिकी सैनिकाचा पगार काँग्रेसने मंजूर केलेल्या निधीतून येतो आणि त्याची शपथ राज्यघटनेशी निष्ठेची असते. रोमन नागरिकाला मतदानासाठी स्वतः रोमला यावे लागे. दूरच्या गरिबाचे मत कागदावरच राही.

मग रोमकडून शिकायचे काय?

६ जानेवारी २०२१ रोजी जमावाने कॅपिटॉलवर हल्ला केला, तेव्हा अध्यक्षीय निवडणुकीच्या निकालावर शिक्कामोर्तब सुरू होते. काम थांबले, पण त्याच रात्री दोन्ही सभागृहे पुन्हा बसली आणि ७ जानेवारीच्या पहाटे ते पूर्ण झाले. प्रजासत्ताकाच्या अखेरच्या शतकात रोमच्या सिनेटला शस्त्रांच्या धाकापुढे अनेकदा नमावे लागले होते.

त्यामुळे अमेरिका रोमच्या वाटेवर आहे का, हे तपासताना सिनेट शाबूत आहे का एवढेच पाहून चालणार नाही. ते ऑगस्टसच्या काळातही शाबूत होते. काँग्रेस, न्यायालये आणि राज्ये आपले अधिकार प्रत्यक्ष वापरतात का, हे पाहावे लागेल.