आधी पैसे भरा म्हटलं, तर ते काम नव्हे

ताईंनो, "घरबसल्या सर्व्हे भरा, व्हिडिओ लाइक करा, रोज हजार रुपये कमवा" असे मेसेज आपल्याला येतात. ते खरे असतात का?

काही ॲप खरी आहेत. गूगल ओपिनियन रिवॉर्ड्सवर चार प्रश्नांची उत्तरं दिली की थोडे रुपये मिळतात, पण ते गूगल प्लेवरच खर्च होतात. त्यावर घर चालत नाही.

खोट्याची खूण एकच, ते आधी पैसे मागतात. निफाड-दिंडोरीत द्राक्ष काढणीला गेलं, तर मालक आपल्याकडून आधी पैसे घेतो का?

स्पीक एशिया कंपनीने ११ हजार रुपये घेऊन सभासद केले. आठवड्याला सर्व्हे भरा, हजार रुपये घ्या, असं सांगितलं. सुरुवातीला पैसे आलेही. २०११ मध्ये ते थांबले आणि मुंबई पोलिसांत गुन्हा दाखल झाला.

आता हेच टेलिग्रामवर चालतं. पहिल्या कामाचे शे-दीडशे देतात, मग 'प्रीपेड टास्क'साठी हजारो भरायला लावतात. स्क्रीनवर नफा दिसतो, पण काढायला गेलं की "आधी टॅक्स भरा" म्हणतात.

म्हणून गटाच्या बैठकीत ठरवा: अशा कामासाठी अंतर्गत कर्ज द्यायचं नाही. ओटीपी सांगायचा नाही आणि आपलं बँक खातं कुणाला वापरायला द्यायचं नाही.

फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा, बँकेलाही कळवा. जितका लवकर फोन, तितकी पैसे वाचण्याची शक्यता जास्त.